अ‍ॅक्वापोनिक्सचा तराफा दर वर्षी का बिघडतो? थर्माकोल, एचडीपीई, सनपॅक आणि बाकीच्यांची झाडाझडती

अ‍ॅक्वापोनिक्स म्हणजे माशांच्या टाकीतल्या पाण्यावर भाजी वाढवणं, आणि तराफा म्हणजे त्या पाण्यावर तरंगणारा, भोकांत रोपं बसवलेला तक्ता. त्याबद्दलची तक्रार ठरलेली असते. फिल्टरच्या स्पंजात पांढरे मणी अडकतात, तराफ्याच्या कडेवरून बोट फिरवलं की पिठासारखी भुकटी सुटते, पालकाच्या मुळांची टोकं तपकिरी होतात. कधी नवा तराफा सोडल्यावर दुसऱ्याच दिवशी दोन मासे उताणे दिसतात. मग जुना तक्ता कचऱ्यात आणि त्याच दुकानातून तसाच दुसरा. पुढच्या मे महिन्यात पुन्हा तेच.

यावर ‘थर्माकोल टाका, प्लॅस्टिकचा घ्या’ हा सल्ला सर्रास मिळतो. तो अर्धवट आहे. व्हर्जिन आयलंड्स विद्यापीठात जेम्स राकोसी यांनी जी तराफा पद्धत उभी केली आणि जिच्यावरून जगभर नकला झाल्या, ती पॉलिस्टायरिनच्याच तराफ्यांवर चालायची. त्रास मटेरियलच्या नावात कमी असतो. ते शीट मुळात कशासाठी बनलं, घरी आणल्यावर त्याला काय फासलं, आणि ऊन, मासे व मुळं त्याला कुठून भिडतात, यात तो जास्त असतो. ठाणे-नवी मुंबईच्या गच्च्यांवर या तिन्ही गोष्टी एकदम जमून येतात.

आधी बघा, दोषी तराफाच आहे का

मासे पहाटे वर येऊन तोंड उघडझाप करतात आणि दहा-अकरापर्यंत ठीक होतात, तर ते विष नाही, ऑक्सिजन कमी पडतोय. तराफ्याने पाण्याचा पृष्ठभाग झाकला की हवेची देवाणघेवाण तेवढी कमी होते. त्यात ३२ अंशांच्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन फार तर लिटरला सव्वासात मिलिग्रॅम मावतो. रात्री वीज जाऊन एअर पंप तासभर बंद राहिला तरी माशांना ते भारी पडतं. पृष्ठभागाचा निदान चौथा हिस्सा उघडा ठेवा आणि पंपाला बॅटरी जोडा. तराफा बदलून काही होणार नाही.

मासे दिवसभर अस्वस्थ आहेत, अंग घासतात, उसळ्या मारतात, आणि हे नवीन काही टाकल्यापासून २४ ते ४८ तासांत सुरू झालं, तर मात्र मटेरियलवर संशय घ्या. तोही सोसायटीत त्या दोन दिवसांत काय काय झालं हे विचारून मगच. डासांसाठीच्या धुरात आणि पेस्ट कंट्रोलच्या फवाऱ्यात बहुधा पायरेथ्रॉइड असतं, आणि ते माशांना अगदी थोड्या मात्रेतही मारक ठरतं. गच्ची फिनेलने धुतली गेली असेल, किंवा पावसाळ्याआधी शेजारच्या भागात वॉटरप्रूफिंगचा कोट मारला असेल, तर पहिल्या सरीबरोबर तेही टाकीत उतरू शकतं.

आणखी एक आरोपी डोक्यावर असतो: गॅल्व्हनाइज्ड पत्रा. शेडच्या पत्र्यावरून गळणारं पावसाचं पाणी जस्त घेऊन खाली येतं. आपल्याकडे नळाला येणारं धरणाचं पाणी, नवी मुंबईला मोरब्याचं आणि ठाण्याच्या बऱ्याच भागाला भातसाचं, साधारण मऊ, म्हणजे कमी क्षारांचं असतं. मऊ पाण्यात जस्त आणि तांबं माशांना जास्त बाधतं. त्यामुळे कठीण पाण्याच्या गावात खपून जाणारा गॅल्व्हनाइज्ड स्क्रू इथे महागात पडतो. पत्र्याच्या पन्हळीचं पाणी टाकीपासून दूर काढा आणि तराफ्यात लोखंड, पितळ, तांबं काहीही ठेवू नका.

पीएच पाहिला नसेल तर तोही पाहा. अमोनियाचं नायट्रेट होताना पाण्याची क्षारता, म्हणजे आम्ल पचवायची ताकद, खर्ची पडते. मऊ पाण्यात मुळातच ती थोडी, वर पावसाचं पाणी मिसळलं की पीएच ६ च्या खाली घसरतो आणि मुळं काळवंडतात. दोष मात्र बिचाऱ्या तराफ्यावर जातो.

चुरा आणि मणी

साधा थर्माकोल म्हणजे ईपीएस. मणी फुगवून एकमेकांना चिकटवलेले असतात. साच्यात बनलेल्या शीटला वर एक गुळगुळीत साय असते. आपण करवतीने कापतो किंवा भोकं पाडतो तेव्हा ती साय जाते आणि मण्यांमधल्या फटी उघड्या पडतात. त्या फटींतून पाणी शिरतं, मुळांचे केस शिरतात, वरून ऊन लागतं. अतिनील किरणांनी पॉलिस्टायरिन आधी पिवळं पडतं, मग ठिसूळ होतं, मग पृष्ठभागाची भुकटी होते. म्हणून चुरा नेहमी दोन जागांवरून सुटतो: उन्हातली वरची बाजू आणि भोकांच्या कडा.

खालच्या बाजूने सुटत असेल तर कारण मासे. कोई आणि तिलापिया तराफ्याच्या पोटाला धरलेलं शेवाळ खरवडतात आणि त्याबरोबर मणी उपटतात. मणी गिळले की आतडं तुंबतं. तराफा उलटा करून निरखा. एकसारखे उथळ खड्डे, वाटीतला भात चमच्याने कोरल्यासारखे, दिसले तर ते तोंडाचे आहेत. मग कोणतंही फोम आणलं तरी ते खाल्लं जाणार. मासे आणि तराफा वेगळ्या टाक्यांत ठेवा. ते जमणार नसेल तर तराफ्याखाली १५-२० सेंटीमीटरवर १० मिलिमीटर छिद्रांची एचडीपीई (टणक पॉलिथिनची) जाळी ताणा. मुळं तिच्यातून खाली जातात, माशांची तोंडं वर पोचत नाहीत. कापणीच्या वेळी जाळीखालची मुळं कात्रीने तोडावी लागतात, तेवढा त्रास आहे.

भोकं पाडताना चाकू फिरवू नका. ड्रिलला होल सॉ (गोल भोक पाडणारी करवत) लावून हळू वेगात पाडा. मग धातूच्या नळीचा तुकडा गरम करून भोकाच्या आतून एकदा फिरवला की कड वितळून चकचकीत होते आणि मणी सुटायचे थांबतात. वितळताना स्टायरीनचा धूर निघतो, तेव्हा हे काम गच्चीच्या मोकळ्या कोपऱ्यात, वाऱ्याकडे पाठ करून. घरात किंवा बाल्कनीत अजिबात नाही.

सुटलेला चुरा गच्चीच्या मोरीत ढकलू नका. तो पर्जन्यवाहिनीतून ठाणे खाडीत जातो. तराफा कापायचा तो अंथरलेल्या चादरीवर, आणि चुरा पिशवीत बांधून सुक्या कचऱ्यात द्यायचा.

नवा तराफा टाकला आणि काहीतरी मेलं

इथे बारकाईने शोधावं लागतं, कारण शीटपेक्षा शीटला फासलेलं काहीतरी जास्त वेळा नडतं.

सगळ्यात मोठा चकवा रंगाचा. ऊन लागू नये म्हणून वरून पांढरा रंग मारा, हा सल्ला सगळीकडे आहे आणि तो चूकही नाही. पण आपण दुकानात जाऊन ‘बाहेरच्या भिंतीचा पांढरा’ मागतो. कोकणपट्टीच्या पावसात भिंती काळ्या पडू नयेत म्हणून अशा एक्स्टीरिअर इमल्शनमध्ये शेवाळ आणि बुरशी मारणारी रसायनं घातलेली असतात. डब्यावर ते अभिमानाने छापलेलंही असतं. पावसात ती हळूहळू धुऊन निघण्यासाठीच असतात. भिंतीवरून ती खाली गटारात जातात, तराफ्यावरून थेट भोकातून मुळांवर. तेव्हा ‘अँटी-अल्गल’, ‘अँटी-फंगल’ लिहिलेला डबा नकोच. ऑइल पेंट आणि स्प्रे पेंट तर ईपीएसला विरघळवतात. शीटवर खड्डे पडतात आणि थिनर आत मुरून बसतो. आमचं मत: रंगाच्या भानगडीत पडूच नका. वर पांढरं प्लॅस्टिक शीट झाका, त्याची पद्धत पुढे दिली आहे.

दुसरा चकवा आगरोधक थर्माकोलचा. इमारतीच्या छताला, एसी डक्टला किंवा कोल्ड रूमला लावायचं ईपीएस आणि एक्सपीएस (मणी नसलेलं, सलग पॉलिस्टायरिन फोम) पुष्कळदा ‘एफआर’ ग्रेडचं असतं, म्हणजे त्यात ब्रोमीनयुक्त आगरोधक मिसळलेलं असतं. वर्षानुवर्षं यासाठी वापरलं गेलेलं एचबीसीडी हे रसायन जलचरांना विषारी आहे आणि शरीरात साठतं. २०१३ मध्ये ते घातक, न विरणाऱ्या रसायनांवरच्या स्टॉकहोम कराराच्या यादीत गेलं आणि भारताने २०२० मध्ये ती नोंद मान्य केली. पण साइटवरून उरलेलं, गोदामात जुनं पडलेलं, भंगारातून आलेलं शीट कोणत्या सालचं हे कोण सांगणार? दुकानदाराला ‘इन्शुलेशनचं आहे की पॅकिंगचं?’ असा थेट प्रश्न विचारा. शीटच्या कडेला ‘एफआर’ छापलंय का ते पाहा. इन्शुलेशनचं असेल तर परत ठेवा, कितीही स्वस्त आणि कडक असलं तरी.

तिसरा चकवा माळ्यावर असतो. २०१८ च्या महाराष्ट्राच्या बंदीत थर्माकोलच्या ताटवाट्या आणि सजावटीचं सामान आलं, पण कित्येक घरांत जुनी मखरं अजून जपून ठेवलेली आहेत. त्यावर सोनेरी रंग, चमकी, रबर सोल्युशन आणि पोस्टर कलर असतात. मागची कोरी बाजू पाण्याकडे करून भागत नाही, कारण भोकं आरपार जातात.

गोंदाबाबत नियम सोपा ठेवा: तराफ्यात गोंद नको. ज्यांना वास येतो ते रबरी गोंद टोल्युइनसारख्या द्रावकात असतात, ईपीएस खातात आणि पाण्यात उतरतात. जोडायचंच असेल तर नायलॉनचे केबल टाय वापरा. सील करायचं असेल तर व्हिनेगरसारखा आंबट वास येणारा साधा सिलिकॉन, ज्यावर अ‍ॅक्वेरियमसाठी असं लिहिलेलं आहे. बाथरूमचा, ‘सॅनिटरी’ सिलिकॉन नको. त्यात बुरशीनाशक असतं. लावल्यावर किमान तीन दिवस, पावसाळी हवेत आठवडा, वास पूर्ण जाईपर्यंत सुकू द्या. कॅनमधून फुगून येणारा पीयू फोम फटी भरायला मोहक वाटतो. तो पाण्याजवळ आणू नका.

तक्ता बुडतो, वाकतो, डुगडुगतो

थर्माकोलला कंटाळून लोक जाड एचडीपीई शीट आणतात. रसायनाच्या दृष्टीने निवड उत्तम. पण तरंगण्याचा हिशेब कोणी करत नाही. तो असा.

दोन फूट बाय तीन फूट, म्हणजे ६० × ९० सेंटीमीटरचा तराफा धरा. क्षेत्रफळ ५,४०० चौरस सेंटीमीटर. त्यावर एक किलो वजन टाकलं की तो साधारण २ मिलिमीटर खाली जातो. २० सेंटीमीटरच्या आसपास अंतर ठेवून १५ रोपं बसतात. कापणीच्या वेळी ओल्या कुंडीसकट एकेक ३०० ग्रॅम धरलं तर साडेचार किलो झाले.

५ मिलिमीटर एचडीपीईचं एवढंच शीट २.७ लिटर आकारमानाचं. घनता ०.९५, म्हणजे त्याचं स्वतःचं वजन २ किलो ५६५ ग्रॅम. उरलेली उचल जेमतेम १३५ ग्रॅम. अर्ध्या पालकाचीही सोय नाही! पॉलिप्रॉपिलीन थोडं हलकं, तरी पाव किलोच्या वर उचल नाही. घट्ट पीव्हीसी तर सरळ बुडतं. उलट ४० मिलिमीटर ईपीएस (घनमीटरला साधारण २२ किलो) वीस किलोहून जास्त उचलतं. शेतकी फोम म्हणून महाग विकलं जातं त्यातही हेच गणित आहे.

मग एचडीपीईखाली रिकाम्या बाटल्या बांधायची युक्ती येते. एक लिटरची बंद पीईटी बाटली सुमारे एक किलो उचलते, सहा-सात बाटल्यांत काम भागतं. पण बाटलीचा व्यास सात-आठ सेंटीमीटर. तराफा रिकामा असताना तक्ता पाण्यापासून तेवढाच वर राहतो आणि ५० मिलिमीटरच्या नेट पॉटचा (रोपाच्या जाळीदार कुंडीचा) तळ पाण्याला लागतच नाही. रोपं दोन दिवसांत वाळतात आणि ‘एचडीपीईने रोपं जळतात’ अशी अफवा तयार होते. बाटल्या लावायच्या असतील तर तक्त्यातच कापून अर्ध्या वर राहतील अशा बसवा, नाहीतर ५० मिलिमीटरच्या एचडीपीई पाइपची दोन्ही टोकं बंद केलेली चौकट घ्या.

याहून सोपा मार्ग छोट्या टाक्यांसाठी आहे, आणि गच्चीवर आम्ही तोच आधी सुचवू: तराफा तरंगवूच नका. ८ ते १० मिलिमीटर एचडीपीईचा तक्ता टाकीच्या काठावर ठेवा आणि ओव्हरफ्लोच्या उभ्या पाइपने पाण्याची पातळी कायम ठेवा. वजन काठ पेलतो, मासे खालून पोचत नाहीत, चुरा नाही. अट एकच. मे महिन्यात पाणी उडतं आणि पातळी बोटभर खाली गेली की नवी रोपं लटकतात. फ्लोट व्हॉल्व्ह लावा किंवा रोज सकाळी पाणी भरा. लांबी दोन फुटांपेक्षा जास्त असेल तर मध्ये एक आधार द्या, कारण उन्हात एचडीपीई प्रसरण पावून पोटात झुकतं.

सनपॅक म्हणजे बॅनरवाले वापरतात ती पन्हळी पॉलिप्रॉपिलीन शीट. हे मटेरियल निर्धोक आहे, हलकं आहे, कोरं आणा. छापलेला बॅनर नको. अडचण अशी की आतल्या नळ्या दोन्ही बाजूंनी उघड्या असतात. त्यात पाणी भरतं, शेवाळ आणि गाळ साठतो, आणि दोन महिन्यांनी तक्ता जड होऊन एका बाजूला कलतो. टोकं गरम पट्टीने दाबून बंद करावी लागतात. तरीही ते झाकण म्हणून जास्त चांगलं, तराफा म्हणून कमी.

सनबोर्डशी त्याची गल्लत करू नका. नावं सख्ख्या भावांसारखी, माल वेगळा. सनबोर्ड म्हणजे फुगवलेलं पीव्हीसी. तरंगतं, सुबक कापलं जातं, साइन बोर्डवाल्यांकडे तुकडे मिळतात, आणि म्हणूनच मोह होतो. पीव्हीसी टिकवण्यासाठी त्यात स्टॅबिलायझर घालावे लागतात आणि आपल्याकडे वर्षानुवर्षं ते शिशाचे असत. २०२१ च्या नियमांनी पाइप आणि फिटिंगमधल्या शिशावर बंधन आणलं. बोर्डाचा तुकडा त्या नियमांच्या कक्षेत येत नाही. पाइप घ्यायचाच तर पिण्याच्या पाण्याचा, आयएस ४९८५ छापलेला घ्या.

बाकीचं पटकन. प्लायवूड नको: चिकटवणारं रेझिन आणि वाळवीविरोधी औषध दोन्ही नडतात. बांबू छान दिसतो, पण बाजारातला टिकाऊ बांबू बहुतेक बोरॅक्स-बोरिकमध्ये बुडवलेला असतो. बोरॉन झाडाला चिमूटभर लागतं, लिटरला काही मिलिग्रॅमच्या वर गेलं की पानांच्या कडा जळतात. कच्चा बांबू या हवेत एका पावसाळ्यात कुजतो. मुलांच्या खोलीतल्या रंगीत कोड्याच्या चटया ईव्हीए नावाच्या फोमच्या. त्यात फॉर्मामाइड असू शकतं, म्हणून नको. टीव्ही-फ्रिजच्या खोक्यातला पांढरा लवचिक फोम पॉलिथिनचा असतो. विषारी नाही, पण उन्हात चार महिने टिकत नाही. तोच फोम गुलाबी असेल तर दूर ठेवा, त्यात अँटिस्टॅटिक द्रव्य असतं आणि ते पृष्ठभागावर येत राहणं हेच त्याचं काम.

दुकानात आणि भंगारात काय मागायचं

थर्माकोलवाल्याकडे: ‘पॅकिंगचं, नॉर्मल ग्रेड, एफआर नको, ४० मिलिमीटर, जास्त डेन्सिटीचं.’ अंगठ्याने जोरात दाबा. खळगा पडून राहिला तर डेन्सिटी कमी आहे. तुकडा मोडून बघा: मणी अख्खे सुटले तर चिकटाई कच्ची, मणी मधून फाटले तर चांगली.

मासळी आणि फळांच्या वाहतुकीचे थर्माकोलचे खोके खाद्यपदार्थांसाठीच बनलेले असतात आणि साय शाबूत असते. त्यांची झाकणं छोट्या तराफ्याला उत्तम. साबण न लावता मिठाच्या पाण्याने घासा. मग ४-५ टक्क्यांचं साधं ब्लीच लिटरला १० मिली या प्रमाणात घेऊन अर्धा तास बुडवा, भरपूर धुवा आणि पूर्ण एक दिवस उन्हात वाळवा.

रबाळे, महापे, तुर्भे या पट्ट्यातल्या भंगारात एचडीपीईचे निळे ड्रम आणि शीटचे तुकडे भरपूर मिळतात. त्रिकोणातला २ म्हणजे एचडीपीई, ५ म्हणजे पीपी, दोन्ही चालतात. पण हा आकडा प्लॅस्टिक सांगतो, आत पूर्वी काय भरलं होतं ते सांगत नाही. एचडीपीई द्रावक आणि तेलं शोषून घेतं आणि महिनोन्‌महिने सोडत राहतं. लेबल फाडलेला किंवा वास येणारा ड्रम फुकट मिळाला तरी घेऊ नका. खाद्यतेल, ग्लुकोज सिरप, लोणच्याचा असेल तर घ्या. काळं, पुनर्वापरातलं शीटही टाळा. त्यात कशाकशाचं भंगार वितळलं हे कळायला मार्ग नाही.

शंका असेल तर तांब्याच्या तारेची चाचणी करा. वायरमधली उघडी तार पक्कडीत धरून गॅसच्या निळ्या ज्योतीत लाल करा. हिरवट झाक जाईपर्यंत थांबा. ती गरम तार प्लॅस्टिकला टेकवा, कणभर चिकटू द्या, पुन्हा ज्योतीत न्या. ज्योत लख्ख हिरवी झाली तर त्यात क्लोरीन किंवा ब्रोमीन आहे, म्हणजे पीव्हीसी किंवा आगरोधक ग्रेड. शीट बाद. हिरवी झाली नाही म्हणून मात्र पास समजू नका. आणि हे मोकळ्या हवेतच करा.

बादलीची चाचणी

आठवडाभर जातो, पण टाकी वाचते. दोन स्वच्छ बादल्यांत प्रत्येकी १० लिटर, एक दिवस हवा सोडून क्लोरीन उडवलेलं पाणी घ्या. एकीत नव्या मटेरियलचा २० × २० सेंटीमीटरचा तुकडा, कापलेल्या कडा आणि एक भोक असलेला, पाणी भरलेल्या काचेच्या बाटलीखाली दाबून बुडवा. रंग, सिलिकॉन, टाय जे लावणार असाल ते त्या तुकड्यावरही हवं. दुसरी बादली नुसती. दोन्ही झाकून ७२ तास उन्हात.

मग दोन्हींतलं पाणी अर्ध्या बाटलीत भरून दहा सेकंद हलवा. पहिल्यात फेस टिकून राहिला आणि दुसऱ्यात नाही, तर काहीतरी उतरलंय. तवंग, वास बघा. पीएचमध्ये ०.३ किंवा टीडीएसमध्ये (विरघळलेल्या क्षारांच्या आकड्यात) २० पेक्षा जास्त फरक असेल तर नापास. टीडीएस मीटरला तेल आणि द्रावक दिसत नाहीत, म्हणून पुढची पायरी गाळू नका: दोन ताटल्यांत ओला कपडा, प्रत्येकी २० मेथीदाणे, एकेकीत एकेका बादलीचं पाणी. चौथ्या दिवशी मोड मोजा. संशयित पाण्यातल्या मुळांची सरासरी लांबी दुसरीच्या पाऊणपटीहून कमी असेल, किंवा टोकं तपकिरी आणि बोथट असतील, तर ते शीट तराफ्यासाठी नाही.

बांधणी

४० मिलिमीटरची जाडी उगाच सांगितलेली नाही. ५० मिलिमीटरचा नेट पॉट उंचीलाही साधारण ५० मिलिमीटरच असतो. ४० च्या तक्त्यात त्याचा तळ सेंटीमीटरभर खाली डोकावतो, वजनाने तराफा अर्धा-एक सेंटीमीटर बसतो, आणि कुंडी दीड-दोन सेंटीमीटर पाण्यात राहते. २५ च्या तक्त्यात ती तीन सेंटीमीटरहून जास्त बुडते, कोकोपीट चिंब राहतं आणि पालकाचा बुडखा सडतो. ७५ चं शीट घेतलं तर तळ पाण्यापर्यंत पोचतच नाही.

भोकाचं माप कुंडीच्या ओठाखाली घ्या, ओठाचं नाही. ४८ ते ५० मिलिमीटर येतं. ईपीएस आणि वरचं ३ मिलिमीटर पांढरं सनपॅक एकावर एक ठेवून एकदमच भोकं पाडा म्हणजे जुळतात. सनपॅक चारही बाजूंनी २ सेंटीमीटर जास्त ठेवून कडेला खाली दुमडा, सहा केबल टायने बांधा, टोकं वर येतील अशी. नेट पॉटचा ओठ दोन्ही थर दाबून धरतो. ऊन आता फक्त सनपॅक खातं. ते पिवळं पडून कडकडायला लागलं की तेवढंच बदला, खालचा थर वर्षानुवर्षं जातो.

टाकीच्या भिंतीपासून चहूबाजूंनी निदान १ सेंटीमीटर मोकळं ठेवा, नाहीतर उन्हात फुगलेला तक्ता अडकून तिरका राहतो. या फटीतून डास अंडी घालतात. तराफ्याच्या टाकीत मासे नसतील तर ८-१० गप्पी सोडा; महापालिकेची तपासणी आली तर डबकं निघायला नको.

बाधा झालीच असेल तर

तराफा आधी बाहेर. एअर पंप पूर्ण जोरात. ३० ते ५० टक्के पाणी बदला, त्याच तापमानाचं आणि क्लोरीन उडवलेलं. सगळं पाणी एकदम बदलू नका आणि फिल्टर नळाखाली धुऊ नका. जिवाणू मेले तर दोन दिवसांनी अमोनियाने उरलेले मासे जातील. १०० लिटरमागे १०० ग्रॅम अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन धुऊन जाळीच्या पिशवीत, पाण्याच्या धारेत टांगा आणि पाचव्या दिवशी फेकून द्या. कार्बन द्रावक आणि रंगातली रसायनं ओढतं. जस्त-तांब्यावर त्याचा भरवसा नाही, तिथे पाणी बदलणं हाच उपाय. मासे दोन-तीन दिवस उपाशी ठेवा. त्या तराफ्यावरची भाजी, कितीही हिरवीगार दिसली तरी, ताटात जाऊ देऊ नका.

जूनच्या आधी

कोवळी रोपं असलेला तराफा पावसाळी वाऱ्यात पत्त्यासारखा उचलला जातो, विशेषतः वीस मजली टॉवरच्या गच्चीवर. चारही कोपऱ्यांना नायलॉनची दोरी, बोटभर ढील ठेवून, टाकीच्या काठाला बांधा. ताठ बांधली तर पाणी चढल्यावर तराफा बुडून राहतो. मे अखेरीस तराफा एकदा उलटा करून वजन करा आणि आकडा मार्करने वरच्या शीटच्या कोपऱ्यात, तारखेसकट लिहा. कोरड्या वजनापेक्षा दुप्पट झाला असेल तर पाणी फटींत मुरलंय. दोन दिवस सावलीत उभा करून निथळा. तरी उतरलं नाही तर तो फक्त रोपवाटिकेच्या हलक्या कुंड्यांसाठी ठेवा.